न बोललेली दुखणी (भाग ६) : हर्पिस, जवळीक आणि सांगण्याची वेळ

गेल्या भागात आपण जननेंद्रियांवरच्या हर्पिसचं निदान कसं होतं ते पाहिलं. एचएसव्ही-१ आणि एचएसव्ही-२ हे दोन विषाणू, पहिल्या वेळचा ताप, जांघेत येणारं अवधाण, लघवी करताना होणारी आग, फोडावरून घेतलेल्या नमुन्याची पीसीआर तपासणी, हे सगळं त्यात येऊन गेलं. मराठीत ज्याला आपण नागीण म्हणतो तो वेगळ्या विषाणूचा वेगळा आजार आहे, हेही पाहिलं.

आता त्यापुढचं. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या तरी समोरचा माणूस खुर्चीवरून उठत नाही. त्याला अजून काही विचारायचं असतं आणि ते तोंडातून लवकर बाहेर पडत नाही. हे कुणाकडून आलं? आता बायकोजवळ, नवऱ्याजवळ जाता येईल का? लग्न ठरतंय, तिकडे सांगायचं का? पहिल्या वेळच्या गोळ्या सात ते दहा दिवसांत संपतात. हे प्रश्न मात्र वर्षानुवर्षं घरात मुक्काम ठोकतात. म्हणून हा पूर्ण भाग त्यांच्यासाठी.

माझं म्हणणं सुरुवातीलाच मांडते. हर्पिससह प्रेम करता येतं, संसार करता येतो, मुलंबाळं होऊ शकतात. त्यासाठी गोळी आणि कंडोम यांच्याइतकीच गरज आहे ती जोडीदाराला माहिती असण्याची. सांगणं हा सभ्यतेचा भाग आहेच, पण तो संरक्षणाचाही भाग आहे. त्यामागचा पुरावा पुढे येईल.

हे कुणाकडून आलं?

लग्नाला आठ वर्षं झालेलं एक जोडपं डोळ्यांसमोर आणा. नवऱ्याला पहिल्यांदाच खाली फोड येतात. डॉक्टर हर्पिस म्हणतात. घरी आल्यावर मुलं झोपेपर्यंत तो थांबतो आणि बायकोला सांगतो. ती थोडा वेळ काहीच बोलत नाही. मग विचारते, "अहो, खरं सांगा. बाहेर कुठे काही झालं होतं का?" तो म्हणतो, "नाही गं, मुलांची शपथ." त्या रात्रीपासून दोघांनाही एकमेकांचा शब्द पुरेनासा होतो.

अशा वेळी या विषाणूची चाल माहीत असणं फार महत्त्वाचं. शरीरात शिरल्यावर तो पाठीच्या कण्याच्या खालच्या टोकाजवळच्या मज्जातंतूंच्या गाठींमध्ये जाऊन बसतो आणि कायमचा तिथे राहतो. काहींना पहिल्या दोन आठवड्यांतच भयंकर त्रास होतो. बहुतेकांना मात्र काही जाणवतच नाही, किंवा इतकं थोडं जाणवतं की ते घामोळं, रेझरचं कापलेलं किंवा बुरशीची खाज म्हणून सोडून देतात. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणात १४ ते ४९ वयोगटातल्या ज्यांच्या रक्तात एचएसव्ही-२च्या खुणा सापडल्या, त्यांतल्या सुमारे ८७ टक्के लोकांना हा आजार आहे असं कोणत्याही डॉक्टरने कधी सांगितलेलं नव्हतं. म्हणजे आज दिसलेला फोड हा आजच्या लागणीचा असेलच असं नाही. तो लग्नाआधीच्या एखाद्या संबंधातून आलेला असू शकतो. तो बायकोकडून आलेला असू शकतो आणि तिला स्वतःलाही त्याचा पत्ता नसेल.

आणखी एक वाट आहे, जिच्याकडे आपलं लक्षच जात नाही. ओठाच्या कडेला, विशेषतः तापानंतर, जे पाण्याचे बारीक फोड येतात ते बहुधा एचएसव्ही-१चे असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार ५० वर्षांखालच्या जगातल्या ६४ टक्के लोकांच्या शरीरात हा विषाणू आहे. तो बहुतेकांना लहानपणीच, घरच्या माणसांनी घेतलेल्या पाप्यांमधून मिळतो. मुखमैथुनातून तो ओठांवरून जननेंद्रियावर जातो. त्यामुळे आयुष्यात दुसऱ्या कुणाला स्पर्शही न केलेल्या जोडप्यातही हर्पिस होऊ शकतो.

नवा संबंध घडलेलाच नसेल, असंही वैद्यकशास्त्र सांगू शकत नाही. हर्पिस हा बाहेरख्यालीपणाचा पुरावा ठरत नाही आणि निष्ठेचं प्रमाणपत्रही देत नाही. लागण कधी आणि कुणाकडून झाली याचं उत्तर बहुतेक वेळा कोणतीही तपासणी देऊ शकत नाही. आपल्याकडे प्रयोगशाळा सर्रास 'हर्पिस आयजीएम' ही रक्ततपासणी करून देतात आणि ती पॉझिटिव्ह आली की लागण नुकतीच झाली असं घरोघरी मानलं जातं. ही समजूत चुकीची आहे. जुना आजार पुन्हा उसळतो तेव्हाही आयजीएम पॉझिटिव्ह येऊ शकतं. ही तपासणी दोन विषाणूंमधला फरकही खात्रीने सांगत नाही. अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सीडीसी ती करू नका असंच सांगते. त्या एका कागदावरून कुणी कुणावर आरोप करू नये.

मग करायचं काय? दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जायचं. जोडीदाराला लक्षणं नसतील तर विषाणूचा प्रकार ओळखणारी आयजीजी तपासणी करावी का, हे डॉक्टरांशी बोलून ठरवता येतं. शेवटच्या शक्य लागणीनंतर साधारण १२ आठवडे जाऊ दिले तर तिचा निकाल जास्त भरवशाचा असतो. आकडा अगदी काठावरचा असेल तर तो खोटा पॉझिटिव्हही असू शकतो, म्हणून तो पुन्हा तपासून घ्यावा. दोघांनाही एकाच प्रकारचा विषाणू आधीपासून असेल तर एकमेकांना तो नव्याने देण्याची चिंता जवळपास संपते. आणि फोड कोणताही असो, एचआयव्ही आणि सिफिलिस या दोन तपासण्या सोबत करून घ्याव्यातच.

धोका किती, आणि तो कमी कसा करायचा?

भीती आकड्यांशिवाय वाढते, म्हणून आकडे पाहू. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० सालासाठी केलेल्या अंदाजात १५ ते ४९ वयाच्या सुमारे ८४.६ कोटी लोकांना जननेंद्रियांचा हर्पिस आहे. म्हणजे दर पाच जणांत एकाहून थोडे जास्त. ही माणसं प्रेम करतात, लग्न करतात, संसार करतात. त्यांतल्या बहुतेकांना आपल्याला काही आहे हे माहीतही नाही.

विषाणू फोड असतानाच सर्वांत जास्त पसरतो. पण फोड नसतानाही काही दिवस तो त्वचेवर येतो, आणि बरीचशी लागण याच दिवसांत होते. हे दिवस किती असतात? २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सहभागी लोकांनी रोज स्वतःच्या जननेंद्रियांवरून नमुने घेतले. एचएसव्ही-२चा त्रास होऊन गेलेल्यांमध्ये साधारण २० टक्के दिवशी विषाणू सापडला. कधीच लक्षण न जाणवलेल्यांमध्ये सुमारे १० टक्के दिवशी. लागणीनंतरच्या पहिल्या वर्षात हे प्रमाण जास्त असतं आणि पुढे कमी होत जातं. जननेंद्रियावर एचएसव्ही-१ असेल तर ते आणखी लवकर उतरतं आणि फोडही क्वचितच परततात. म्हणूनच आपला विषाणू १ आहे की २, हे डॉक्टरांना जरूर विचारा. पुढच्या सगळ्या हिशेबाला त्याने फरक पडतो.

धोका कमी करण्याचे मार्ग तीन आहेत आणि ते एकमेकांना जोडून वापरायचे असतात.

पहिला मार्ग, फोडांच्या काळात संबंध न ठेवणं. हा काळ फोड दिसल्यावर सुरू होत नाही. बऱ्याच जणांना काही तास ते एक-दोन दिवस आधी सूचना मिळते. जांघेत झिणझिण्या येतात, मांडीतून किंवा कुल्ल्यातून कळ जाते, एका ठरावीक जागी खाज किंवा आग होते. त्या क्षणापासून खपली पडून कातडी पूर्ववत होईपर्यंत त्या भागाचा स्पर्श टाळायचा, कंडोम असला तरीही.

दुसरा मार्ग, कंडोम. पावसात छत्री डोकं आणि खांदे वाचवते, पाय भिजतातच, तसं कंडोमचं आहे. तो जेवढी त्वचा झाकतो तेवढंच संरक्षण देतो. मांडीच्या मुळाशी, अंडकोशावर किंवा योनीच्या बाहेरच्या ओठांवर विषाणू असेल तर तो उघडाच राहतो. तरीही फायदा मोठा आहे. २००९ साली सहा अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून पाहिली, तेव्हा नेहमी कंडोम वापरणाऱ्यांना कधीच न वापरणाऱ्यांपेक्षा एचएसव्ही-२ची लागण ३० टक्क्यांनी कमी झाली होती. पुढे आफ्रिकेतल्या जोडप्यांच्या एका अभ्यासात प्रत्येक संबंधागणिक हिशेब केला गेला. त्यात पुरुषाकडून स्त्रीकडे होणारी लागण कंडोममुळे ९६ टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. दोन्ही आकडे एकच गोष्ट सांगतात. कंडोम प्रत्येक वेळी वापरला तरच त्याचा पुरेपूर उपयोग. विषाणू स्त्रीला पुरुषापेक्षा सहज लागतो, म्हणून नवऱ्याला हर्पिस असलेल्या घरात ही गोष्ट आणखी मोलाची.

तिसरा मार्ग, रोजची गोळी. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत १४८४ जोडपी होती. प्रत्येक जोडप्यात एकाला एचएसव्ही-२ होता, दुसऱ्याला नव्हता. विषाणू असलेल्यांपैकी निम्म्यांना रोज ५०० मिलिग्रॅम व्हॅलासायक्लोव्हिर दिलं, निम्म्यांना तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी. कंडोमचा सल्ला सगळ्यांनाच दिला होता. आठ महिन्यांनी पाहिलं तर बिनऔषधाच्या गटात ३.६ टक्के जोडीदारांना लागण झाली होती आणि औषधाच्या गटात १.९ टक्के. म्हणजे जवळपास निम्मी. लक्षणं दिसणारा आजार तर २.२ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यावर आला. या आकड्यांची दुसरी बाजूही वाचा. औषध न मिळालेल्या गटातही शंभरातल्या ९६ जोडीदारांना त्या आठ महिन्यांत लागण झालेली नव्हती.

या चाचणीतली सगळी जोडपी स्त्री-पुरुष होती आणि प्रतिकारशक्ती चांगली असलेली होती. सोबत एचआयव्ही असेल तर रोजच्या ॲसायक्लोव्हिरमुळे जोडीदाराला होणारी लागण कमी झाल्याचं दिसलेलं नाही. तिथे एचआयव्हीच्या डॉक्टरांशी बोलून वेगळा विचार करावा लागतो. दोन पुरुष किंवा दोन स्त्रियांच्या नात्यातही विषाणू त्वचेवरून त्वचेवर तसाच जातो, त्यामुळे फोडांच्या काळातला नियम त्यांनाही तंतोतंत लागू आहे.

"आज नको"

डॉक्टर आकडे सांगतात. घरातली रात्र मात्र दोघांना निभवायची असते.

हर्पिस झालेल्या माणसाला अनेकदा स्वतःच्याच शरीराची किळस वाटू लागते. जोडीदाराने हात पुढे केला की अंग आक्रसतं. जोडीदाराला वाटतं, हिचं किंवा याचं मन उडालंय. दोघंही काही बोलत नाहीत आणि महिनोन् महिने पाठ करून झोपतात. यातलं बरंचसं दुखणं विषाणूचं नसतं.

इथे उपयोगी पडते ती एक साधी सवय. दोघांनी मिळून एक छोटं वाक्य ठरवायचं. "आज नको, मुंग्या येतायत." एवढंच. ऐकणाऱ्याने त्यावर कारण विचारायचं नाही, तोंड पाडायचं नाही, "परत?" म्हणायचं नाही. सांगणाऱ्यानेही क्षमा मागायची नाही. हे वाक्य जितक्या सहज म्हटलं जाईल तितकं संरक्षण पक्कं. कारण सूचना देणारी ती झिणझिण फक्त त्याच शरीराला कळते. ती सांगायला संकोच वाटू लागला की उपाय तिथेच कोसळतो.

'नको' म्हणजे दूर जाणं असंही नाही. एका पांघरुणात झोपणं, मिठी, पाठ चोळून देणं, चुंबन, हातांनी दिलेलं सुख, यातलं काहीच बंद होत नाही. मात्र चुंबन किंवा मुखमैथुन करणाऱ्याच्या ओठांवर फोड नसावेत, आणि फोडांना हात लागला तर तो साबणाने धुवावा, विशेषतः डोळ्याला लावण्याआधी. जननेंद्रियांचा हर्पिस ताटवाटीतून, संडासाच्या भांड्यावरून किंवा पोहण्याच्या तलावातून पसरत नाही. बाळाला कडेवर घेण्यात धोका नाही. ज्या घरात एखाद्या सुनेचं ताट आणि कपडे वेगळे काढले जातात, तिथे तिच्यावर विनाकारण अन्याय होत असतो आणि तो थांबवणं ही नवऱ्याची जबाबदारी आहे.

एकत्र कुटुंबात रोजच्या गोळीचीही अडचण होते. सासूबाई विचारतात, "कसली गं ही गोळी?" "त्वचेच्या डॉक्टरांनी दिलीय, सासूबाई," हे उत्तर खरं आहे आणि पुरेसं आहे. आपल्या आजाराची माहिती जोडीदाराला मिळावी हा त्याचा हक्क. ती सगळ्या घराला मिळावी असा काही नियम नाही.

लग्नाआधी सांगायचं कसं?

आता त्या पुराव्याकडे येऊ. सिएटलच्या संशोधकांनी नुकतीच एचएसव्ही-२ची लागण झालेल्या लोकांचा अभ्यास केला आणि तो २००६ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना जोडीदाराने आपल्याला हर्पिस आहे असं आधी सांगितलं होतं, त्यांच्यात संबंध सुरू झाल्यापासून लागण होईपर्यंतचा मध्यम काळ २७० दिवसांचा होता. ज्यांना कुणी सांगितलं नव्हतं त्यांच्यात तो ६० दिवसांचा. सांगितल्यावर माणसं जपून वागतात. फोडांच्या दिवसांत थांबतात, कंडोम आणतात, डॉक्टरांना विचारतात. इतका फरक फक्त एका संभाषणाने पडला.

आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे. पत्रिका, पगार, फ्लॅट, मंगल कार्यालय यांवर दोन घरं तासन् तास बोलतात. दोन शरीरांच्या आरोग्याविषयी मात्र कुणीच बोलत नाही. लपवलेली गोष्ट नंतर कळली की विश्वास तर जातोच, शिवाय कायदाही मध्ये येऊ शकतो. हिंदू विवाह कायदा १९५५च्या कलम १३ मध्ये संसर्गजन्य स्वरूपातला गुप्तरोग हे घटस्फोटासाठी अर्ज करण्याचं एक कारण म्हणून आजही नमूद आहे. म्हणून वेळ महत्त्वाची. पहिल्या कांदेपोह्यांना हे सांगण्याची गरज नाही. पण दोघांनाही हे स्थळ पसंत आहे असं ठरल्यावर आणि साखरपुड्याआधी सांगावं. ज्यांचं नातं लग्नावर अवलंबून नाही त्यांनी पहिल्या शरीरसंबंधाआधी सांगावं.

जागा अशी निवडा जिथे घाई नाही आणि कुणी ऐकत नाही. अंथरुणात, अर्धवट जवळीक झाल्यावर सांगू नका. शब्द असे असू शकतात:

"तारीख ठरायच्या आधी तुला एक सांगायचंय. मला हर्पिस आहे. तीन वर्षांपूर्वी कळलं. वर्षातून एक-दोनदा खाली बारीक फोड येतात, आठवड्याभरात जातात. त्यावर गोळी आहे. तुलाही लागण होऊ शकते, पण ती शक्यता बरीच कमी करता येते आणि ते कसं हे मी शिकून घेतलंय. आज उत्तर देऊ नकोस. तू वाच, वाटल्यास माझ्याबरोबर डॉक्टरांकडे चल. फक्त एक कर, हे आपल्या दोघांतच राहू दे."

या बोलण्यात काय आहे ते नीट पाहा. आजाराचं नाव स्पष्ट आहे. त्रास किती आणि धोका काय हे न लपवता सांगितलं आहे. उपाय आहे. विचार करायला वेळ दिला आहे. गोपनीयतेची मागणी आहे. अपराधीपणा मात्र नाही, आणि आधीच्या नात्यांचा पाढाही नाही. समोरच्याने "कुणाकडून झालं?" असं विचारलं तर, "तो माझ्या आयुष्यातला संपलेला भाग आहे. आता आपण दोघांनी काय करायचं ते बोलूया," असं शांतपणे म्हणता येतं.

समोरचा नकार देऊ शकतो. तो त्याचा अधिकार आहे आणि त्याचं दुःख होणारच. पण लपवून मिळवलेल्या होकारात रोज पकडलं जाण्याची भीती असते. ती भीती कुणाचाही संसार सुखाने होऊ देत नाही.

एक अपवाद मनापासून सांगते. ज्या घरात मारहाण होते, तिथे बाईने एकटीने हे सांगण्याची जोखीम घेऊ नये. डॉक्टर किंवा समुपदेशक यांच्यासमोर, त्यांच्या मदतीने बोलावं. महिलांसाठीची १८१ ही हेल्पलाइन अशा वेळी वापरावी. आधी जीव सुरक्षित, मग बाकी सगळं.

ऐकणाऱ्यासाठी

आपल्या लेखांमध्ये आजारी माणसाला खूप सूचना असतात, ऐकणाऱ्याला जवळपास काहीच नसतात. म्हणून थोडं तुमच्याशी.

तुम्हाला कुणी हे सांगितलं असेल तर त्या व्यक्तीने तुमच्यासाठी एक अवघड गोष्ट केली आहे. ज्यांनी सांगितलं नाही, ज्यांना स्वतःलाच माहीत नाही, अशा कुणाशीही तुमचा संबंध याआधी आलेला असू शकतो. माहिती असलेला जोडीदार तुम्हाला अधिक सुरक्षित ठेवतो. घाबरला असाल तर घाबरलोय असं सांगा, वेळ मागा, पण टाकून बोलू नका आणि चारचौघांत वाच्यता करू नका. स्वतःची तपासणी करून घ्या, कारण विषाणू तुमच्यातही आधीपासून असू शकतो. आणि नातं पुढे न्यायचं ठरवलंत तर मनापासून न्या. पुढच्या प्रत्येक भांडणात हा आजार बाहेर काढला जाणार असेल, तर तो होकार होकारच नव्हे.

कुठे जायचं, कुठे जायचं नाही

त्वचारोग व गुप्तरोग तज्ज्ञ हे या आजाराचे डॉक्टर. स्त्रिया स्त्रीरोगतज्ज्ञांकडेही जाऊ शकतात. खाजगीत परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयं आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाची 'सुरक्षा क्लिनिक' आहेत. तिथे तपासणी, समुपदेशन आणि औषध मोफत मिळतं. या कार्यक्रमात प्रत्येक लक्षणसमूहासाठी वेगळ्या रंगाचं औषधांचं पाकीट ठरलेलं आहे. हर्पिसच्या फोडांसाठी ५ क्रमांकाचं, लाल रंगाचं. त्यात ॲसायक्लोव्हिरच्या ४०० मिलिग्रॅमच्या गोळ्या असतात, दिवसातून तीनदा, सात दिवस घ्यायच्या. कोणत्या क्लिनिकमध्ये जायचं हे १०९७ या मोफत हेल्पलाइनवर विचारता येतं, नाव सांगावं लागत नाही.

फोड परत येत असतील तर गोळी सूचना मिळताच, पहिल्या दिवसातच सुरू करावी लागते. म्हणून ती घरात आधीच असावी. वर्षातून बऱ्याचदा त्रास होत असेल, किंवा जोडीदाराला जपायचं असेल, तर रोजच्या गोळीविषयी डॉक्टरांना विचारा. ॲसायक्लोव्हिर १९८०च्या दशकापासून वापरात आहे आणि दीर्घकाळ घेता येतं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डोस बदलावा लागतो, तेवढं आवर्जून सांगा. नुसत्या मलमाचा उपयोग फार थोडा. आणि मेडिकलमधून स्वतःच्या मनाने आणलेलं स्टेरॉइड मिसळलेलं क्रीम तर तिथे लावूच नये, त्याने फोड वाढू शकतात.

एसटी स्टँडबाहेरच्या भिंतींवर आणि आता मोबाइलवर 'गुप्तरोग मुळापासून बरा' अशी हमी देणाऱ्या जाहिराती असतात. हर्पिसचा विषाणू शरीरातून कायमचा काढून टाकणारं औषध आज कोणत्याही वैद्यकपद्धतीत सिद्ध झालेलं नाही. गुप्तरोग बरे करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींवर १९५४च्या औषध व जादुई उपचार कायद्याने बंदी आहे. अशा ठिकाणी दिलेले हजारो रुपये वाया जातात, आणि मधल्या काळात खरा उपचार राहून जातो.

मन सावरत नसेल, झोप उडाली असेल, जगण्यात अर्थ वाटत नसेल, तर तेही दुखणंच आहे. त्यासाठीही समुपदेशकाकडे जा. पहिल्या काही महिन्यांत वाटणारी ही निराशा पुष्कळांच्या बाबतीत हळूहळू ओसरते, कारण फोड कमी होत जातात आणि आपलं शरीर आपल्याला पुन्हा ओळखीचं वाटू लागतं.

या आजाराला लाज चिकटली ती तो शरीरसंबंधातून येतो म्हणून. तोच विषाणू ओठावर आला की आपण चारचौघांत मलम लावून फिरतो, आणि कमरेखाली आला की संसार मोडायला निघतो. लाजेने कुणाचंच संरक्षण झालेलं नाही. ज्या जोडप्यांनी एकमेकांना सांगितलं, थांबायच्या दिवशी थांबले, गोळी आणि कंडोम वेळेवर वापरले, त्यांनी धोकाही कमी केला आणि नातंही राखलं. तुमच्या घरात हा विषय अडून बसला असेल तर या आठवड्यात तो बोलून टाका.

पुढच्या भागात : हर्पिस आणि गरोदरपण. मूल हवं असलेल्या जोडप्याने काय काळजी घ्यायची, शेवटच्या तीन महिन्यांत आईला पहिल्यांदा होणारी लागण बाळासाठी एवढी गंभीर का असते, आणि जुना हर्पिस असलेल्या बहुतेक स्त्रियांची प्रसूती नेहमीसारखी का होऊ शकते, हे पाहू. तुम्ही किंवा तुमची पत्नी आत्ताच गरोदर असाल आणि दोघांपैकी कुणालाही हर्पिस असेल, तर पुढच्या भागाची वाट न पाहता ही गोष्ट प्रसूतीच्या डॉक्टरांना आजच सांगा.